तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानातला फोटो

आमच्या दुकानात शिरलं की समोर गणपती, त्याच्या डावीकडे आमचे वडील आणि उजवीकडे ती. डोक्यावर केसांचा भलामोठा डोलारा, कानापर्यंत ओढलेलं काजळ, दंडावर गोंदण. माईक-स्पीकर भाड्याने न्यायला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, ही कोण?" कुणी म्हणतं नटी आहे का, कुणी म्हणतं वहिनींना चालतं का. पंचवटीतल्या एका मंडळाच्या पोरानं तर "काका, तुमची मुलगी का?" असंही विचारलं. इतकी वर्षं मी "गायिका आहे, इंग्लंडची" एवढंच बोलून वायरी मोजायला लागायचो.

धंद्यातली माणसं फोटोचं विचारत नाहीत. ती म्हणतात, "त्या रात्री फेडर खाली का नाही ओढलास?" फेडर म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. कीबोर्डवाला विचारतो, ढोलकीवाला विचारतो, मागे एकदा कालिदास कलामंदिराच्या पार्किंगमध्ये एका निवेदकानं चहा पिता पिता विचारलं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा लिहून टाकतो. पुन्हा विचारू नका.

फोटोतली बाई एमी वाईनहाऊस. २००८ साली एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले तिला, तेही लंडनमध्ये बसून, कारण अमेरिकेचा व्हिसा वेळेत हातात पडला नाही. ज्या गाण्याला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं ते व्यसनमुक्ती केंद्रात जायला नकार देणारं होतं. लोक ते तिच्याबरोबर टाळ्या वाजवत म्हणायचे. मला इंग्रजी गाणी कळत नाहीत. आवाज कळतो. असा आवाज माझ्या मिक्सरमधून एकदाही गेलेला नाही.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते २०११ साली, एका ओळखीच्या स्टुडिओत. पोरांनी कॉम्प्युटरवर क्लिप लावली होती. १८ जूनचा बेलग्रेडचा शो, समोर हजारोंची गर्दी, आणि ही बाई झोकांड्या खातेय, स्वतःलाच मिठी मारून उभी राहतेय, शब्द विसरतेय. मागे बँड वाजवतोच आहे. पब्लिक हुर्यो करतंय. आम्ही पाच-सहा जण हसलो. मी काय म्हणालो तेही आठवतंय. "घे अजून," म्हणालो. ३५ दिवसांनी, २३ जुलैला, ती लंडनच्या घरी मरून पडलेली सापडली. वय २७. मधे काही दिवस दारू सोडली होती, पुन्हा घेतली. रक्तात १०० मिलिलिटरला ४१६ मिलिग्रॅम मद्य निघालं. आपल्याकडे गाडी चालवताना ३० च्या वर सापडलात तर गुन्हा लागतो. टेम्पो चालवतो म्हणून तो आकडा मला पाठ आहे. पण हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा क्लिप संपली आणि आम्ही मिसळ खायला गेलो.

आता ताईचं. नाव लिहीत नाही, नाशिकात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. सिडकोतली मुलगी, एकोणीस वर्षांची असताना पहिल्यांदा आमच्या ऑर्केस्ट्रात उभी राहिली. मला मामा म्हणायची. पुढे टीव्हीवरच्या स्पर्धेत शेवटच्या सहांत गेली आणि द्वारकेपासून पाथर्डी फाट्यापर्यंत तिचे फ्लेक्स लागले. त्यांवर वीस-वीस नगरसेवक-इच्छुकांचे फोटो, मधे ती, जरा लहानच. मग सुपाऱ्या. एका एप्रिलमध्ये बावीस कार्यक्रम. आज येवला, उद्या सिन्नर, परवा धुळे, आणि सगळीकडे स्पर्धेत गाजलेलं तेच एक गाणं. वन्स मोअर, पुन्हा वन्स मोअर. एकदा पहाटे टेम्पोत माझ्या शेजारी बसून म्हणाली, "मामा, मला त्या गाण्याचा वास येतो आता." मी म्हटलं, झोप थोडी.

तिच्या माईकचा चॅनेल सात नंबरचा. मिक्सरवर फेडरखाली कागदी टेप चिकटवून आम्ही नावं लिहितो: ढोलकी, बेस, की-१, की-२. सातवर तिनं स्वतःच्या हातानं पेनानं लिहिलं होतं, "मी".

त्या हिवाळ्यात तिचा आवाज बसायला लागला. का, ते सगळ्यांना माहीत होतं. तिच्या हातातल्या बाटलीत नुसतं पाणी नसायचं. मी काय केलं, तर एका दुपारी, आवाज बरा असताना, तिची पाच गाणी रेकॉर्ड करून घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मायनस ट्रॅकमध्ये फक्त म्युझिक असतं, प्लस ट्रॅकमध्ये गळाही असतो. तिचं बरं नसलं की मी लॅपटॉपवरून प्लस सोडायचो आणि सात नंबर नावाला उघडा ठेवायचो. पब्लिक खूश, कार्यक्रम ठेवणारी पार्टी खूश, ती ओठ हलवायची. मला वाटायचं, मी पोरीला सांभाळून घेतोय. चार महिने असं चाललं. चार महिने तिच्या घरच्यांना, आयोजकांना, कुणालाच कळलं नाही की तिला गाताच येत नाहीये. कारण ऐकू तर छान येत होतं.

एप्रिल २०१७. पिंपळगाव बसवंतच्या पुढे एका बागायतदाराच्या घरची हळद. हजारभर माणूस, द्राक्षाचं साल चांगलं गेलेलं. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी ती स्टेजवर आली. वेळ इतकी नेमकी सांगतोय कारण पुढची एकोणीस मिनिटं मी घड्याळच बघत होतो. पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं प्लसवर झालं आणि जनरेटर ट्रिप झाला. लाईट दहा सेकंदांत आली. पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो अडॅप्टरवरच चालायचा. तो बंद पडला. कीबोर्डवाल्यानं मला बघून मान हलवली आणि लाईव्ह सुरू केलं. बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार.

ती गायला लागली. सुराच्या खालून कुठूनतरी आवाज येत होता, वर चढायला जायचा आणि घसरायचा. मी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचं घुमणं, वाढवला. बाथरूममध्ये कुणी रडतंय असं वाटायला लागलं, म्हणून परत कमी केला. दुसऱ्या अंतऱ्याला शब्द गेले. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मोबाईल वर यायला लागले, आधी पाच-दहा, मग सगळीकडे. तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं आणि बोट वर केलं. मॉनिटर म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर. गायकाचं ते बोट म्हणजे मॉनिटर वाढव, मला मी ऐकू येत नाहीये. मी वाढवला. सवयीनं, हात आपोआप गेला. आणि मग तिला ऐकू आलं.

तो चेहरा मी लिहू शकत नाही.

"सॉरी हां," ती माईकवर म्हणाली, "परत घेते." परत घेतलं, परत अडली. "सॉरी, सॉरी, एकदाच परत." स्टेजच्या कडेला बसली. चप्पल निघाली होती, ती पायानं चाचपत राहिली. मागे ढोलकी चालूच. नवरदेवाचा चुलता माझ्या टेबलाशी आला. मी म्हटलं, बंद करतो. तो म्हणाला, "चालू ठेव, पब्लिक मजा घेतंय. पैसे कशाचे मोजलेत?" अर्धे पैसे यायचे होते.

आजवर मी सगळ्यांना हेच सांगत आलो. अर्धे पैसे अडकले होते, माणसं प्यायलेली होती, बंद केलं असतं तर खुर्च्या उडाल्या असत्या. आणि सात नंबर खाली ओढायला साऊंडवाला कोण? पार्टीचा कार्यक्रम, पार्टीची मर्जी. हे खोटं नाही. निफाडकडे एकदा लवकर बंद केलं म्हणून माझे दोन टॉप स्पीकर फोडलेले आहेत.

पण लॅपटॉप चार मिनिटांत चालू झाला होता. प्लस ट्रॅक समोर उघडा होता. मी तो सोडला असता तर तिची इज्जत वाचली असती का? नाही. ती खाली बसून चप्पल शोधतेय आणि स्पीकरमधून तिचा सुरेल आवाज येतोय, हे हजार लोकांनी बघितलं असतं आणि गेले चार महिने काय चाललं होतं ते त्यांना कळलं असतं. तिचं जे व्हायचं ते झालंच होतं. माझं उघडं पडलं असतं. म्हणून प्लस सोडला नाही. आणि फेडर? रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा कायदा. नऊ बावन्न झाले होते. मी ठरवलं की दहाची वाट बघू. मग बंद मी केलं असं होणार नाही, कायद्यानं केलं असं होईल. आठ मिनिटं. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

सामान टेम्पोत भरायच्या आधीच व्हिडिओ ग्रुपांवर आला होता. खाली हसऱ्या तोंडांची रांग. माझ्या मेव्हण्यानंही मला पाठवला, "तुमचाच शो ना?" सगळ्यात वाईट म्हणजे आवाज अगदी स्वच्छ होता. सॉरी न सॉरी ऐकू येतं. पुढच्या आठवड्यात सुपाऱ्या रद्द झाल्या, आणि दोन नव्या आल्या. त्यांतला एक जण म्हणाला, "तसंच झालं तरी चालेल." मी फोन ठेवला. त्यानंतर हळदी बंद, ऑर्केस्ट्रा बंद. आता कीर्तनं, सभा आणि मे महिन्यात घाटावरची व्याख्यानं.

त्याच सुमारास मला बेलग्रेडची क्लिप आठवली. परत बघितली, आणि यावेळी बाईकडे बघवेना म्हणून बाकीचं बघत बसलो. तिथेही गर्दीत, कुठेतरी मागे, माझ्यासारखा एक जण मिक्सरवर बसलेला असणार. कॅमेऱ्यात तो दिसत नाही. बाईच्या बापावर लोक बोलले, नवऱ्यावर बोलले, घरासमोर तळ ठोकून बसणाऱ्या फोटोवाल्यांवर बोलले. त्याचं कुणी नाव घेत नाही. त्याच्या हाताखाली तिचा चॅनेल असेल आणि आवाज अख्ख्या मैदानात पोहोचवायचं काम तो चोख करत असेल. त्याला कुणी विचारतं का, हे मला फार वेळा मनात येतं. मुलीकडून फोटो शोधून घेतला आणि प्रिंट काढून लावला. २०११ मधला मी असतो तर म्हणालो असतो, काय नाटकं करतोस, एक बाई प्यायली, एक मेली, तू काय बाटली धरली होतीस का? त्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही. नव्हती धरली, हे तर खरंच आहे.

ताई दोन वर्षांनी दिसली, गोदाघाटावर, बुधवारच्या बाजारात. अंगानं भरली होती, बरी दिसत होती. गाते का, मी विचारलं नाही. मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करत तीच म्हणाली, "मामा, त्या दिवशी मॉनिटर मस्त दिला होता तुम्ही."

टोमणा होता की खरंच म्हणाली, मला कळलं नाही. मी नुसता हसलो. मग तिनं विचारलं, "दुकानात कुणाचा तरी फोटो लावलाय म्हणे?"

"गायिका आहे," मी म्हटलं, "इंग्लंडची."

"बरं," ती म्हणाली, आणि मेथीवालीला द्यायला सुट्टे शोधू लागली.