एका शिमसाठी काउंटरवरचे हेलपाटे

मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची शिम, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यातले अंतर ठरवणारी छोटी चकती, तपासणे घरी जमण्यासारखे आहे. जीव काढते ती हव्या त्या जाडीची शिम मिळवणे. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात फीलर गेज (अंतर मोजण्याची पातळ पाती) घातली, तेव्हा एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे, अंतर ०.१० मिलिमीटर भरले. माझ्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ते ०.१५ ते ०.२० हवे. बाकीचे व्हॉल्व्ह मर्यादेत होते.

कॅमशाफ्ट (कॅम असलेला दांडा) काढून शिम बाहेर घेतली, पण तिच्यावरचा आकडा पुसट झाला होता. व्हर्नियरच्या भरवशावर न राहता वागळे इस्टेटमधील एका वर्कशॉपमध्ये तेल पुसून मायक्रोमीटरवर मोजली, ती १.८५ निघाली. शिम झिजली असती तर अंतर वाढले असते. ते कमी झाले, म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्ये (मिटताना तो जिथे टेकतो त्या कड्यात) खोल बसत चालला होता. जुनी जाडी अधिक मोजलेले अंतर, वजा हवे असलेले अंतर (मी ०.२० धरले), या हिशेबाने मला १.७५ ची शिम हवी होती.

ठाण्यातील सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर पहिला प्रश्न आला, "आवाज येतो का?" नाही म्हटल्यावर, "मग व्हॉल्व्ह चांगले आहेत." वस्तुतः आवाज ढिला व्हॉल्व्ह करतो, घट्ट झालेला गप्प राहतो, पूर्ण मिटत नाही, आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि शेवटी जळतो. मग गाडी आणून जॉब कार्ड उघडा असे सांगण्यात आले, जणू इंजिनचे हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उघडे असलेली गाडी मी घोडबंदर रोडवरून चालवत आणणार होतो. बऱ्याच विनवण्यांनंतर मागवलेली शिम आली ती १.८० ची. "साहेब, ०.०५ ने काय होतंय?" अंतर जेमतेम ०.१५ वर येते आणि थोड्याच वापरात पुन्हा मर्यादेखाली जाते, हे होते. प्रत्येक जाडीचा पार्ट नंबर वेगळा असतो. तो कागदावर लिहून द्यावा आणि पाकीट काउंटरवरच उघडून पाहावे. वर्कशॉपवाल्याने जुनीच घासून देण्याची तयारी दाखवली, पण घासताना शिमचा कठीण केलेला थर जाण्याची भीती असल्याने मी नकार दिला.

अखेर १.७५ ची मिळाली. क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हाताने काही फेरे फिरवून पुन्हा मोजले, तर ०.२० ची पाती हलकीशी अडत सरकली, आणि त्या काउंटरवरचा माझा राग निम्मा उतरला. एक सांगायचे राहिले: शिम उचलण्यापूर्वी टायमिंग चेनच्या पोकळीत स्वच्छ फडके कोंबावे, कारण तेथून खाली पडलेली शिम थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पोकळीत, जाते.