कूलरचा टप ते शिडाची बोट : आमची वाटचाल

२००९ मध्ये पवनीजवळ आमचं फायबरचं वर्कशॉप सुरू झालं तेव्हा काम एकच, कूलरचे टप अन् बॉडी. मार्च ते जून जेवायला टाइम नाही अन् मग आठ महिने माशा मारत बसा. जवळच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत गेलं तसे ढीवर, म्हणजे मासेमारी करणारे लोक, डोंगे (छोट्या होड्या) घेऊन यायला लागले, लाकडी डोंग्याला खालून फायबरचा थर मारून द्यायचा, त्यावर आमचा पावसाळा निघायला लागला.

आता बोटीचं. कॉलेजला नागपूरला असताना मी एनसीसीच्या नेव्हल विंगला होतो, तेव्हापासून शीड डोक्यातून गेलंच नाही. १९८८ ला राजीव गांधींच्या हातून या धरणाचं भूमिपूजन झालं, ११ किलोमीटरच्या वर लांब भिंत, मागे नजर पोचणार नाही एवढं पाणी, अन् त्यावर एक शीड नाही! पर्यटकांना फिरवू, पैसे सुटतील, असा हिशोब मी घरी मांडला. बायको म्हणाली, "घरातला कूलर गळून राहिला अन् यायले जहाज पायजे."

डिसेंबर २०२३ ला मुंबईत एक जुनी एंटरप्राइज बोट सापडली. दोघांची छोटी बोट, सव्वातेरा फूट, डिझाइन १९५६ चं, पण आजही शिकायला चांगली. भाव ४८ हजार. फोटो आले ते सगळे वरून काढलेले, खालचा मागितला तर मालक म्हणे एकदम ओके आहे. साळा पनवेलला असतो, त्याला पाठवलं. तो ट्रॅक्टरवाला माणूस, त्याला फोनवर सांगितलं की एक रुपयाचं नाणं घेऊन सगळीकडे ठोक, टणटण वाजलं तर चांगलं, ठपठप वाजलं तर आत पाणी मुरलंय. त्याने इमानदारीत ठोकलं, पण हात पोचला तिथवरच. बोट जमिनीवर बसलेली, बूड कोणीच ठोकलं नाही.

ट्रकचं तर विचारूच नका. १४ फुटी आयशर, बोट सव्वातेरा फूट, बसली! पण वीस फुटाची डोलकाठी मी मोजलीच नव्हती, ड्रायव्हर म्हणे मागून बाहेर काढली तर चालान. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळून ती केबिनवरून बांधली. चूक माझी दुसरीकडे झाली. आख्खी गाडी २४ हजार अन् खाली टाइल्सचे बॉक्स घेऊ दिले तर १६ हजार, मी आठ हजारासाठी हो म्हणून बसलो. भरवीरपासून समृद्धी लागला, रस्ता एक नंबर, पण त्याच्या आधीच्या खड्ड्यांत एका बॉक्सचा कोपरा बोटीच्या पोटात घुसलेला. उमरेडला चहाला थांबले तर एक बुवा विचारते, "का जी, हे विमान होय का?"

घरी आणून पालथी केली तेव्हा कळलं, टाइल्सचा पोचा तर होताच, पण सेंटरबोर्डच्या खाचेच्या जोडावर जुनी चीर होती, वरून पेंट मारून लपवलेली. सेंटरबोर्ड म्हणजे बोटीखाली उतरणारी पाटी, ती नसली की वारा बोटीला आडवी ढकलत नेतो. म्हणजे नेमकी मुळातच बोंब. चीर घासून उघडी केली, फायबर मॅटचे थर चढवले. पण ते निघालं मे महिन्यात, ४५ डिग्रीत रेझिन (फायबर चिकटवायचं पातळ रसायन) मगातच गोठून धूर सोडायला लागलं, मग ते घट्ट करणारं हार्डनर कमी करून पहाटे चारला काम. या बाबतीत आमचे कूलरवाले पोट्टे कोणत्याही बोटवाल्याला ऐकणार नाहीत.

पर्यटकांचं काही जमलं नाही. परवानग्या, जॅकेटं, आमच्या आवाक्याबाहेर, अन् भर उन्हाळ्यात येते कोण? पण एकदा मुद्दाम उलटवून पाहिली तर बोट बुडली नाही, कारण आत दोन्ही बाजूंना बंद हवेचे कप्पे आहेत. ते पाहून आम्ही आमच्या फायबर डोंग्याला पुढे-मागे एकेक बंद कप्पा द्यायला सुरुवात केली. वजन थोडं वाढलं, रेट बाराशेने वाढवावा लागला, लोकांनी कुरकुर केली. मग धक्क्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला डोंगा तरंगताना दाखवला, तेव्हापासून ऑर्डर थांबली नाही. आता कूलरपेक्षा डोंग्याचं काम जास्त आहे.

मागच्या महिन्यात एक म्हातारे ढीवरबाबा आले, शिडाकडे बोट दाखवून म्हणाले, "माह्या डोंग्यालेबी असा पडदा लावून दे ना भाऊ, वल्हवून वल्हवून खांदे गेले." म्हटलं बाबा, तुमच्या डोंग्याचं बूड सपाट. तरी ऐकेनात. जुन्या ताडपत्रीचं शीड शिवलं, प्लायची पाटी कापून डोंग्याच्या बाजूला लटकवली. पहिल्या दिवशी डोंगा सामोर कमी अन् आडवा जास्त गेला, बाबा मात्र खूश, म्हणे गेला तर खरा. आता पाटी सहा इंच लांब करून राहिलो.