प्लेयर घेताना आवाज शेवटी ऐका

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हातात मोबाइल असताना गाण्यांसाठी वेगळा प्लेयर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात काउंटरवर उभं राहून नेमकं काय तपासायचं, असा तुमचा प्रश्न आहे. पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे. ऐकताना फोन दूर ठेवायचा असेल, रियाजाला बसणाऱ्या मुलाच्या हाती फोन द्यायचा नसेल, किंवा आईबाबांना एक बटण दाबून भजन लावता यावं असं वाटत असेल, तर घ्या. नाहीतर तेच पैसे चांगल्या इयरफोनवर घाला.

ॲपलने २०२२ मध्ये आयपॉड बंद केला, तेव्हापासून या बाजाराचा मधला भाग पातळ झालाय. एका टोकाला हजार-दोन हजारांचे, रोज नवं नाव धारण करणारे प्लेयर आणि दुसऱ्या टोकाला दर्दींसाठीचे महागडे. दोन्हीकडचे विक्रेते बोलतात मात्र आवाजावरच. खोक्यावर ‘३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिट’ छापलेलं असतं. यातले किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरतात आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. चाळिशीनंतर तर त्याच्याही बराच अलीकडे थांबतो. आकडा मोठा म्हणून आवाज चांगला, असं नाही. आजकाल स्वस्त चिपसुद्धा बरी वाजते. प्लेयर फसतो तो सॉफ्टवेअर, बटणं आणि चार्जिंगमध्ये.

म्हणून दुकानात जाताना स्वतःचं ३२ जीबीचं कार्ड, रोजचा वायरवाला इयरफोन आणि दोन्ही टोकांना सी-टाइप असलेली केबल न्या. कार्डात एवढंच भरा: मराठी नावांची काही गाणी, आलाप आणि बंदिश वेगळ्या ट्रॅकमध्ये असलेली एक मैफल, तासाभराचं एक प्रवचन आणि एक अगदी शांत ध्वनिमुद्रण, नुसता तानपुरा असला तर उत्तम. व्हिडिओ बघणार असाल तर एकच क्लिप एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ साठवायच्या दोन्ही प्रकारांत ठेवा. पुष्कळ स्वस्त प्लेयर दुसरी उघडतच नाहीत.

पहिल्यांदा नावं बघा. चौकोन दिसले तर त्यात देवनागरी फॉन्टच नाही. अगम्य चिन्हं दिसली तर टॅगचं, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या नाव-गायकाच्या माहितीचं, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकलंय. ते घरी सुधारता येतं, एमपी३टॅगसारख्या प्रोग्रामात टॅग आयडी३ २.३ आणि यूटीएफ-१६ मध्ये पुन्हा सेव्ह करायचे. तिसरा प्रकार जास्त वाईट. अक्षरं मराठीच असतात, पण ‘विठ्ठल’मधली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘ठ्ठ’ फुटतो. फाइलमध्ये वेलांटी व्यंजनानंतरच साठवलेली असते; पडद्यावर तिला अलीकडे आणणं आणि जोडाक्षर बांधणं हे सॉफ्टवेअरचं काम. ते त्यात नसेल तर तुमच्याकडे इलाज नाही. कंपनीने अपडेट दिलं तरच. दुकानदार म्हणेल, ‘भाऊ, गाणं तर वाजते ना!’ वाजतं, पण पाचशे गाण्यांत शोधायचं कसं?

मग मैफलीचे दोन ट्रॅक लागोपाठ लावा आणि जोडावर कान ठेवा. एमपी३ बनवतानाच फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते, चांगला प्लेयर ती कापून टाकतो. नाहीतर तानपुरा मध्येच तुटतो. सुट्या सिनेगीतांना याने फरक पडत नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्याने मात्र इथेच नकार द्यावा. प्रवचन चाळिसाव्या मिनिटावर नेऊन प्लेयर बंद करा, पुन्हा चालू करा. सुरुवातीपासून लागलं तर तो प्लेयर कीर्तन ऐकणाऱ्या घरासाठी नाही.

गाण्यांचा क्रम उलटसुलट लागतोय? कित्येक स्वस्त प्लेयर नावाप्रमाणे न वाजवता फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. आणि नावाप्रमाणे लावणारे १ नंतर १० घेतात. नावं ०१, ०२ अशी द्या आणि त्याच क्रमाने कॉपी करा, दोन्ही दुखणी मिटतात.

बटणं डोळे मिटून तपासा. आवाज कमी-जास्त आणि पुढे-मागे ही चार बटणं अंगठ्याला वेगळी लागली पाहिजेत, आणि होल्डचा, म्हणजे बटणं बंद ठेवणारा, खटका खरा, सरकणारा हवा. नुसता टच पडदा खिशात आपोआप गाणी बदलतो, मे महिन्याच्या घामात तर जास्तच. दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का, हे दुकानाबाहेर येऊन बघावं.

आता चार्जिंग. सी-टाइप पोर्ट असूनही काही प्लेयर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. कारण क्षुल्लक आहे: पोर्टजवळ ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते वाचवलेले असतात. ते नसले की चार्जरला पलीकडे काही जोडलंय हेच कळत नाही. जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलवर तोच प्लेयर बिनबोभाट चार्ज होतो. काउंटरवर मिनिटभरात कळणारी गोष्ट आहे.

‘२० तास’ हा दावा पडदा बंद, वायरवाला इयरफोन आणि मध्यम आवाज धरून केलेला असतो. हिशेब सोपा: ५०० एमएएचची बॅटरी आणि २५ मिलिॲम्पिअर वापर, झाले २० तास. ब्लूटूथ लावा, पडदा चालू ठेवा, वापर वाढलाच. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्याकडे मेमध्ये बाहेरचाच पारा तिथे पोचतो. कूलरच्या खोलीत किंवा पहाटे चार्ज करा. स्कूटरच्या डिक्कीत प्लेयर ठेवून कामाला जाऊ नका. मागचं झाकण उचललं गेलं किंवा बटणं अडकायला लागली तर बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्जिंग तिथेच थांबवा, झाकण दाबून बसवायला जाऊ नका.

एवढ्यातून जो पास होईल त्याचा आवाज ऐका. शांत ध्वनिमुद्रण लावा आणि आवाज एकावर आणा. बर्डीच्या गर्दीत काही कळणार नाही, दुकानाच्या आतल्या बाजूला जा. मागे ‘स्स्स’ ऐकू येत असेल तर ती ॲम्प्लिफायरची खरखर आहे. १६ ओहमच्या बारीक इयरफोनवर ती जास्त जाणवते. एकावरच आवाज मोठा वाटला तर रात्री त्रास होईल. ब्लूटूथवर जास्त बारकाव्याने आवाज पाठवणारा एलडॅक हवा असेल तर तो प्लेयर आणि हेडफोन दोघांतही लागतो, एकात असून उपयोग नाही.

कार्ड प्लेयरसोबत ‘फुकट’ मिळत असेल तर संशय घ्या. १२८ जीबी लिहिलेल्या कार्डात आत ८ जीबीच निघू शकते. कॉपी सगळं होतं, वाजत मात्र नाही. एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम अख्खं कार्ड भरून परत वाचतो. सेकंदाला २० एमबी वेग धरला तर १२८ जीबी लिहायलाच पावणेदोन तास लागतात, म्हणून ते रात्री लावून द्या. खरं कार्डही प्लेयरला दिसत नसेल तर ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं एक्सफॅट या फाइली मांडायच्या पद्धतीत येतात हे लक्षात घ्या; स्वस्त प्लेयरला फॅट३२ ही जुनी पद्धत लागते. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी बहुधा ३२ जीबीच्या पुढे तो पर्याय देत नाही, त्यासाठी वेगळं टूल वापरावं लागतं. शिवाय फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, तेव्हा मोठे सिनेमे विसरा. बिल पक्कं घ्या आणि कार्ड तपासून होईपर्यंत खोकं टाकू नका.