उणे ५१७

फोन फलटणकडच्या एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा होता, पहाटे सव्वापाचचा. "मॅडम, मशीन चालू होतंय, पण कीपॅड मेलंय. सभासदाचा नंबर टाकू कसा? बाहेर माणसं कॅन घेऊन उभी हायेत." बंद-चालू केलं की कीपॅड कधी जिवंत होई, कधी नाही. महिन्याभरात अशी तक्रार करणारं हे तिसरं केंद्र.

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात दुधाची नोंद करणाऱ्या अशा मशीनचे बोर्ड आणि त्यावरची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार होते. ड्रायव्हर, म्हणजे कीपॅडसारखे भाग चालवणारे प्रोग्राम, माझ्याकडे. पण तक्रारीचं निदान माझ्यापर्यंत येण्याआधीच झालेलं: 'गावाकडे व्होल्टेज नीट नसतं.' हार्डवेअरवाल्यांनी तर पॉवर सप्लायमध्ये मोठा कपॅसिटरही बसवून पाहिला. गावच्या विजेवर खापर फोडणं सोयीचं, ती उलटून बोलत नाही.

माझ्या टेबलावर बोर्ड अगदी शहाण्यासारखा वागत होता. सकाळभर रीबूट करत राहिले, एकदाही चुकला नाही. शेवटी सचिवांना म्हटलं, मशीनचा फोटो पाठवा. फोटोत मशीनच्या मागे भिंतीवर पुठ्ठा चिकटवलेला, त्यावर मार्करने: 'कीपॅड न चालल्यास प्रिंटरची वायर काढून मशीन चालू करणे. नंतर वायर लावणे.'

आम्ही तीन आठवडे कपॅसिटर बदलत होतो आणि निम्मं उत्तर पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं!

स्टोअरमधून तसाच प्रिंटर आणि वजनकाटा आणून बोर्डाला जोडला. दर दीड मिनिटाने रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, वीज तोडणारी स्क्रिप्ट लावली. चाळीसेक खेपांत कीपॅड तीनदा मेला आणि तिन्ही वेळा लॉगमध्ये तीच ओळ: प्रोब (ड्रायव्हरने उपकरण ताब्यात घेण्याची पायरी) फसला, एरर उणे २२.

उणे २२ म्हणजे 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. सरकारी खिडकीवर 'अर्ज अपूर्ण आहे' म्हणून कागद परत सरकवतात, तसलं उत्तर. काय अपूर्ण, ते तुम्हीच शोधा. ड्रायव्हर जिथे इंटरप्ट, म्हणजे कळ दाबल्याचा इशारा आणणारी वाट, तिच्या क्रमांकाने मागतो, त्याच्या आधी तो क्रमांक लॉगमध्ये छापणारी एक ओळ मी टाकली. एरवी तिथे पन्नासच्या आसपासचा आकडा येई. फसलेल्या खेपेला आला ४२९४९६६७७९.

असा आकडा दिसला की आमच्या धंद्यातल्या माणसाचा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. दोनचा बत्तिसावा घात ४२९४९६७२९६. वजाबाकी केली, उरले ५१७. म्हणजे हा खरं तर उणे ५१७, चिन्ह हरवलेला.

कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, उणे ५१७ चा अर्थ, 'ज्याच्यावर तू अवलंबून आहेस तो अजून उठलेला नाही, नंतर ये.' आमच्या बोर्डावर मुख्य चिपच्या पिना संपल्या म्हणून कीपॅडची इंटरप्टची तार एका जीपीआयओ एक्स्पांडरमधून, म्हणजे जास्तीच्या पिना पुरवणाऱ्या छोट्या चिपमधून, नेलेली आहे. त्याचा ड्रायव्हर आधी उठायला हवा. पण मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरच्या सुट्या फायली, समांतर लोड होतात, कोण आधी याची हमी नाही. प्रिंटर लटकवला की रांग थोडी हलते, एवढंच. ड्रायव्हरने उणे ५१७ जसंच्या तसं परत केलं, तर कर्नल त्याला रांगेत ठेवून पुन्हा बोलावतं.

आणि आमच्या ड्रायव्हरमध्ये तशी तपासणी होती हो! 'आयआरक्यू (इंटरप्टचा क्रमांक) शून्यापेक्षा कमी असेल तर तोच आकडा घेऊन परत फिर.' फक्त आयआरक्यू ठेवलेलं व्हेरिएबल होतं 'यू३२', म्हणजे बिनचिन्हाचं. त्यात शून्याखालचं काही मावतच नाही. ओळ होती, वाचायला बरोबर होती आणि कधीच खरी ठरणार नव्हती. मग ड्रायव्हरने निमूटपणे चारशे एकोणतीस कोटींच्या पुढचा इंटरप्ट मागितला, कर्नलने असा कुणी नाही म्हणून उणे २२ सांगितलं, आणि उणे २२ वाल्याला दुसरं बोलावणं नसतं.

कंपायलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, हे दिसतं, पण तो इशारा नेहमीच्या बिल्डमध्ये बंद असतो. उगाच फार ओरडतो म्हणून. आमचं कर्नल ४.१९, जुनं. नवी कर्नलं डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कशाला जोडलंय याची यादी, पाहून बराचसा क्रम स्वतःच लावतात, तिथे ही चूक बहुधा लपूनच राहिली असती.

गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, पाहिला. आधी तिथे 'इंट' होतं, चिन्हासह आकडा ठेवणारं. दोन वर्षांपूर्वी 'टाइप एकसारखे केले' या नावाच्या पॅचने, म्हणजे कोडमधल्या एका छोट्या बदलाने, ते बदललं. पॅच करणारा मुलगा नोकरी सोडून गेलाय. तपासणारी मी.

२००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सच्या चुका मोजल्या होत्या. उरलेल्या कर्नलच्या मानाने ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण तीन ते सात पट निघालं. त्यातल्या कितीतरी अशाच, शाळकरी. त्या हुडकायला कॉक्सिनेल नावाचं फ्रेंच हत्यार आहे. नावाचा अर्थ लेडीबर्ड, किडे खाणारा किडा. बिनचिन्हाचा आकडा शून्याशी ताडून पाहणारी तिची स्क्रिप्ट कर्नलच्या कोडसोबतच पडलेली असते. त्या संध्याकाळी ती आमच्या सगळ्या ड्रायव्हरांवर चालवली. आणखी दोन सापडले. एक दूध थंड ठेवणाऱ्या बल्क कूलरच्या तापमानाचा.

पॅच म्हणजे 'यू३२' खोडून 'इंट'. रात्रभर रिले टकटक करत राहिला, सकाळपर्यंत तीनशेच्या वर खेपा, कीपॅड प्रत्येक वेळी जिवंत. कपॅसिटर मात्र पुढच्या बोर्डाच्या आराखड्यात राहिलाय. तो काढा म्हणायला कुणी धजावत नाही.

अपडेट पाठवल्यावर चार दिवसांनी सचिवांचा फोन आला. चालतंय म्हणाले. "मग तो पुठ्ठा काढू का आता?"

"राहू द्या अजून आठवडाभर," मी म्हटलं.