धूरवाले आणि गोडवाले

सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, पिणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकांना धूर हवा असतो, दुसऱ्यांना गोडवा. त्यातले धूरवाले जरा ठसक्यात असतात. समोरच्याच्या ग्लासात ग्लेनलिव्हेट किंवा ग्लेनफिडिकसारखी सौम्य व्हिस्की दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर ‘असू दे, सुरुवात अशीच होते’ असा वडीलधारा भाव येतो. गोडवाल्यांचंही एक ठरलेलं उत्तर असतं: पैसे मोजून दवाखान्याचा वास का प्यायचा?

प्रश्न अगदीच गैरलागू नाही. स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लॅफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या एकाच रस्त्यावर, पायी जाता येईल इतक्या अंतरात उभ्या आहेत. तिथली, विशेषतः लॅफ्रॉइग, पहिल्यांदा नाकाशी नेणारा माणूस दचकतोच. आयोडीन, डांबर, समुद्रातलं शेवाळ, विझलेली शेकोटी असं काय काय त्यातून येतं. हे मुद्दाम कोणी का करेल?

खरं तर कोणी मुद्दाम केलंच नव्हतं. आयलावर झाडं कमी, त्यामुळे जळण म्हणजे पीट. दलदलीत हजारो वर्षं साचत, अर्धवट कुजत गेलेल्या वनस्पतींचा हा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. तो कापून, वाळवून जाळायचा. व्हिस्कीसाठी बार्लीला मोड आणतात आणि ते पुढे वाढू नयेत म्हणून दाणे भट्टीवर वाळवतात. दाणा ओलसर असतानाच पीटच्या धुरातले फिनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, त्याच्या सालीला चिकटतात. पुढे ती बार्ली दळली जाते, आंबवली जाते, तांब्याच्या भट्ट्यांतून बहुधा दोनदा उकळून निघते, वर कित्येक वर्षं पिंपात कोंडली जाते. एवढं सगळं होऊनही धूर शिल्लक राहतो, याचं मला प्रत्येक घोटाला नवल वाटतं.

आज सौम्य, फळांच्या वासाच्या व्हिस्कीसाठी नावाजलेल्या स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागातही पूर्वी पीटच जळायचं. 1863 साली स्ट्रॅथस्पे रेल्वे सुरू झाली. रेल्वेने कोळसा आणणं सोपं झालं आणि धूर हळूहळू मागे हटला. म्हणजे ज्यावरून आज एवढे वाद घालतात त्या दोन चवींमधला फरक बराचसा जळणाच्या सोयीचा आहे.

गोडव्याची गोष्ट मात्र मला जास्त गमतीची वाटते, कारण मुळात व्हिस्कीत साखर जवळपास नसतेच. धान्यातली बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकतं, आणि उरलीसुरली वाफेबरोबर वर चढत नाही. स्कॉचमध्ये वरून साखर घालायला कायद्याची मनाई आहे; पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरॅमल, एवढीच मुभा. मग मध, व्हॅनिला, मनुका हे येतं कुठून? बरंचसं लाकडातून. भाजलेल्या ओकमधून व्हॅनिलिन उतरतं, नारळासारख्या वासाचे लॅक्टोन उतरतात. नाक ते हुंगतं आणि जिभेला सांगतं, ‘गोड आहे बरं का.’ जीभ भोळी, तिला पटतं.

आणि ही पिंपंही बहुतेकदा दुसऱ्यांनी वापरून रिकामी केलेली. बर्बन ही अमेरिकन व्हिस्की नवीन, आतून जाळलेल्या ओकमध्येच ठेवायची असा अमेरिकेतला नियम असल्याने तिथे एकदा वापरलेलं पिंप बर्बनला निरुपयोगी. ती पिंपं स्कॉटलंडला जातात. शेरी ही स्पेनची वाइन पूर्वी पिंपांतून ब्रिटनला यायची आणि तिथे बाटल्यांत भरली जायची, तेव्हा रिकामी पिंपं आयतीच मिळायची. पुढे शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि ही आवक आटली. आता मॅकॅलनसारख्या डिस्टिलऱ्यांसाठी स्पेनमध्ये खास पिंपं बनवून त्यांत काही काळ शेरी भरून ठेवतात. म्हणजे एके काळी शेरीसाठी पिंप लागायचं. आता पिंपासाठी शेरी लागते.

धूरवाल्यांचा एक छंद मला झेपत नाही: आकडे. अमुक बाटली 40 पीपीएम (दहा लाख भागांत फिनॉलचे इतके भाग), तमुक 55. ऑक्टोमोर नावाच्या कडक धुराच्या व्हिस्कीच्या एका बाटलीने तर 300चा आकडाही ओलांडला. पण हे आकडे बहुधा वाळवलेल्या बार्लीतल्या फिनॉलचे असतात, ग्लासातल्या नव्हे. लागावुलिन आणि आयलाचीच काओल इला या दोघींचं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, बेटावरच्या पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतं, आणि जवळपास सारख्याच धुराचं. तरी एक दाट, एक हलकी. तांब्याच्या भट्टीचा आकार, ती किती भरतात, हे सगळं यात येतं. शिवाय धुराचे जड अंश भट्टीतून उशिरा उतरतात, त्यामुळे धार नेमकी कधी तोडायची, म्हणजे पिंपासाठी गोळा करणं कधी थांबवायचं, यावरही बरंच ठरतं. पिंपात वर्षं गेली की धूर आणखी मवाळ होतो. नुसत्या आकड्यावरून बाटली निवडणं म्हणजे मिरच्या मोजून स्वयंपाकी ठरवणं.

माझं मत विचाराल तर दोन्ही टोकं लवकर कंटाळा आणतात. शेरीत नको इतकी मुरलेली व्हिस्की दुसऱ्या घोटाला जड होते, आणि कोवळी, रागावलेली धुराची व्हिस्की तिसऱ्याला तेच तेच बोलायला लागते. धुराच्या पोटातून गोडवा वर येतो तिथे मी रमतो: सोळा वर्षांची लागावुलिन, किंवा स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरची हायलँड पार्क. ऑर्कनीवरही झाडं नावालाच, पण तिथल्या पीटमध्ये हेदरची झुडपं भरपूर. त्यामुळे धूर दवाखान्याकडे न वळता फुलांकडे झुकतो, आणि शेरीची पिंपं त्याला सांभाळून घेतात. धूर येतो सुरुवातीला धान्यातून, गोडवा येतो शेवटी लाकडातून. दोघांच्या वाटा एकमेकींना आडव्या जातच नाहीत, मग भांडण कसलं?

पिताना मात्र क्रम उलटा. एकाच संध्याकाळी दोन्ही घ्यायच्या असतील तर गोड आधी, धूर मागून. नाहीतर आर्डबेगनंतर आलेली ग्लेनलिव्हेट पाण्यासारखी लागते, आणि शेजारी बसलेल्या धूरवाल्याला ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणायची संधी फुकट मिळते.