जर्नल ड्राइव्हवर गेलं, पण वाचतंय कोण?

सायन्सला असलेल्यांना जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, काय असते ते सांगायला नको. मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी मिळवायचं, रात्र जागून उतरवायचं, आकृत्या मैत्रिणीकडून काढून घ्यायच्या आणि सबमिशनच्या दिवशी सहीसाठी लाईन लावायची. सही झाली की प्रॅक्टिकलला बसायला मोकळे, मग आत काय लिहिलंय ते ना पोराला आठवत ना सही करणाऱ्याला. आता हेच सगळं ई-पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाने स्वतःच्या कामाच्या ऑनलाइन ठेवलेल्या नोंदी, या भारी नावाने ड्राइव्हवर जातंय की काय अशी मला धास्ती वाटायला लागलीये.

कारण गोष्ट मुळात चांगली आहे हो. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी ट्रेनिंग), सीईपी (समाजात जाऊन करायचं काम) असं बरंच काही सिलॅबसमध्ये आलंय ज्याचं मोजमाप पेपरात होतच नाही. एखादा मुलगा आंबा कॅनिंगच्या युनिटमध्ये महिनाभर काम करून आला तर त्याला काय आलं हे कुठल्या प्रश्नात विचारणार? एबीसी आयडीवर, म्हणजे मुलाच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यावर, क्रेडिट किती जमा झाले ते दिसतं, त्या क्रेडिटच्या मागे काय आहे ते दिसत नाही. ते दाखवायची जागा म्हणजे पोर्टफोलिओ. बाहेर हे जुनं झालंय, माहारा नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये २००६ ला सुरू झालं, अमेरिकेतल्या एएसी अँड यू या कॉलेजांच्या संघटनेने २००९ मध्ये असं काम तपासायला रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क द्यायचे याचे तक्ते, काढली आणि २०१६ मध्ये ई-पोर्टफोलिओला आपल्या प्रभावी पद्धतींच्या यादीत अकरावी जागा दिली. आपल्याकडे मात्र पोर्टफोलिओ म्हटलं की सर्टिफिकेटं, ग्रुप फोटो आणि कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फायलीला चालतील असे जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो, संपलं.

मी बॉटनी शिकवते, इथे सिंधुदुर्गात. आमच्या पोरांचा फील्ड प्रोजेक्ट आचऱ्याच्या खाडीतल्या कांदळवनावर होता आणि त्यातल्या एका एसवायच्या मुलीचं पोर्टफोलिओ सांगण्यासारखं आहे. गणपतीच्या आधीची तिची पहिली नोंद म्हणजे तीन फोटो आणि तिन्हीखाली एकच नाव, कांदळ. मी खाली कमेंट टाकली, मुळं बघ. पुढच्या वेळी ओहोटी बघून गेली आणि लिहिलं की एकाची मुळं खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात आणि बाकी दोघांची चिखलातून वर येतात, म्हणजे पहिलं कांदळ आणि ती दोन्ही तिवर. मग एक व्हॉइस नोट, मालवणीत, "मॅडम, मी पान चाटून बघलंय, खारट लागला." तिवराच्या पानावरच्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात, हे तिने पुस्तकात वाचलेलं, पण कळलं ते जिभेला. गंमत पुढे आहे, तिसऱ्या झाडाचं पान गोलसर निघालं, मुळं वर आलेली पण पेन्सिलीसारखी बारीक नाहीत, बुंध्याशी चांगली जाड. दिवाळीनंतर फूल मिळालं, पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका, म्हणजे ही पांढरी चिप्पी! २०२० मध्ये महाराष्ट्राने हिला राज्य कांदळवन वृक्ष जाहीर केलं हे वाक्य जीकेसाठी या मुलीला पाठ होतं आणि झाड समोर उभं होतं तरी ती त्याला तिवर म्हणत होती. तिने खाली लिहिलं, नुसत्या मुळांवरून ठरवायचं नाही, पान आणि फूलही बघायचं.

आता मला सांगा, शेवटी नुसतं तीन बरोबर नावांचं पान सबमिट झालं असतं तर यातलं काय दिसलं असतं? बरोबर नावं गुगल लेन्सपण देतं. म्हणून माझा एकच नियम, जुनी नोंद खोडायची नाही, चुकलेली असली तरी तारखेसकट तशीच ठेवायची आणि दुरुस्ती खाली लिहायची. मुलांना हे पचायला जड जातं कारण बारावीपर्यंत खाडाखोड म्हणजे मार्क गेले हेच शिकलेली असतात. तर मी मार्क ठेवलेत तेच त्यावर, पंचवीसपैकी दहा मार्क पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत काय बदललं आणि ते कशामुळे बदललं यासाठी. "या उपक्रमातून मला निसर्गाचे महत्त्व समजले" याला शून्य, मग ते चॅटजीपीटीने लिहिलेलं असो की स्वतः, हे वाक्य चॅटजीपीटीच्या आधीपासून पोरं लिहीतच आहेत.

टूलचं विचाराल तर साधं गुगल डॉक. साइट बनवायला सांगितलं की मुलं बॅनर आणि फॉन्टमध्येच अडकतात, शिवाय निम्म्यांकडे फक्त मोबाइल आणि पावसात लाईट गेली की रेंजपण जाते, डॉक निदान ऑफलाइन करून ठेवता येतो. आणि त्यात व्हर्जन हिस्टरी असते, सगळ्या नोंदी एकाच रात्री पेस्ट केल्या असतील तर लगेच दिसतं. हे पोरांना पहिल्याच दिवशी उघडून दाखवायचं, नंतर पकडण्यात मजा नाही.

खरी अडचण वाचण्याची आहे. साठ मुलं, प्रत्येकाला दहा मिनिटं धरली तरी दहा तास झाले, आणि हे एकदाच वाचून भागत नाही, मध्ये वाचून कमेंट टाकली नाही तर "मुळं बघ" कोण सांगणार? शेवटी एकदाच उघडून मार्क दिले तर ते जर्नलच झालं, वर नेटपॅकचा खर्च वेगळा. म्हणून मी सगळं वाचत नाही. मध्यावर प्रत्येकाने स्वतः निवडलेली एकच नोंद वाचते, आणि निवडताना हीच का हे दोन ओळीत लिहायला लावते, त्या दोन ओळीच पुष्कळ काही सांगून जातात. मराठीत लिहा, मालवणीत बोला, चालेल. रुब्रिकमध्ये इंग्रजीला मार्क ठेवलेलेच नाहीत.

आणि टीवायवाल्यांनो, तुमचं पोर्टफोलिओ कॉलेजच्या ईमेलवर असेल तर निकालाची वाट बघत बसू नका, कॉलेज सोडल्यावर तो आयडी बंद झाला की सगळं अडकेल. आत्ताच स्वतःच्या जीमेलवर कॉपी करून घ्या आणि लिंक सगळ्यांना उघडी ठेवायच्या आधी घरचा पत्ता आणि फोन नंबर त्यातून काढा.