लू लागलेल्या माणसाला आधी थंड करा

आज दुपारी नागपुरात बर्डीवर एक काकाजी ऑटोतून उतरता उतरता कोसळले. अंग चटका बसेल इतकं तापलेलं, बोलणं असंबद्ध, मुलाचं नावही सांगता येईना. गर्दी जमली. कोणी म्हणे कांदा हुंगवा, कोणी ग्लुकोजचं पाणी तोंडात ओतायला निघालं. ते आधी थांबवलं. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

एका पोराला १०८ लावायला सांगितलं आणि काकाजींना सावलीत कुशीवर वळवलं. रसवंतीवाल्या ताईंनी न सांगता पाण्याची अख्खी कॅन आणून दिली. शर्टाची बटणं काढली, अंगभर पाणी शिंपडलं, मान, काखा आणि जांघेत ओले दुपट्टे ठेवले, दोघं पुठ्ठ्यांनी वारा घालत राहिले. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या अंगावरचा वारा कूलरसारखा काम करतो, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं.

थोड्या वेळानं काकाजींनी डोळे उघडून मुलाचं नाव घेतलं. मला भरून आलं.

उष्माघातात, म्हणजे लू लागल्यावर, शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूला धोका असतो. हा नेहमीचा ताप नाही, पॅरासिटामॉलनं उतरत नाही. म्हणून अॅम्ब्युलन्सची वाट बघत नुसतं उभं राहू नका, तोवर थंड करत राहा. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. काकाजींनाही अॅम्ब्युलन्समध्ये बसवूनच आम्ही हललो.